टायरच्या कडेवरचे आकडे : ग्रॅव्हल सायकल जुळवताना

लहानपणी ठाण्यात आमच्या दाराशी रोज पहाटे दूधवाल्याची काळी सायकल उभी राहायची. मागे दोन्ही बाजूंना कॅन, समोर कच्चा रस्ता, पावसाळ्यात घोटाभर चिखल. तिच्या टायरवर २८ × १½ असं छापलेलं असायचं. आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तेच माप ४०-६३५ असं लिहितात. त्यातले ४० म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. सध्या दुकानात दिसणाऱ्या ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीच्या, सायकलींना बहुतेक वेळा याच रुंदीच्या आसपासचे टायर असतात. खराब रस्त्यावर ओझं घेऊन चालायला केवढा टायर लागतो, याचं उत्तर आपल्या दारात कधीपासून उभं होतं.

हे आठवलं ते भाचीमुळे. ती ऐरोलीला राहते. दिवाळीनंतर घरी आली आणि म्हणाली, "मामा, मला एकच सायकल हवी. रोज बेलापूरला ऑफिस, रविवारी येऊर, आणि पुढच्या वर्षी बीआरएम करायचीय. तू जुळवून दे." बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पार करायची लांब पल्ल्याची राइड. सगळ्यात छोटी २०० किलोमीटरची असते आणि तिला साडेतेरा तास मिळतात. तीन कामं, सायकल एक. जुळवून देणं सोपं होतं, पण पुढे दुरुस्ती तिलाच करायची होती, म्हणून प्रत्येक भाग का निवडला ते समजावत गेलो. हा लेख म्हणजे ते समजावणंच आहे.

आधी नावाचं. आपल्याकडे बाइक म्हटलं की मोटरसायकल डोळ्यांपुढे येते, म्हणून मी ग्रॅव्हल सायकल म्हणतो. ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, आज तिला अनबाउंड ग्रॅव्हल म्हणतात. सुरुवातीला लोक मिळेल ती सायकल घेऊन यायचे, त्यात सायक्लोक्रॉसच्या बऱ्याच असायच्या. पण सायक्लोक्रॉस म्हणजे तासाभराची चिखलातली शर्यत, आणि तिच्या नियमाप्रमाणे टायर ३३ मिलीमीटरपेक्षा रुंद चालत नाही. दिवसभर खडीवर बसायला ती सायकल फार ताठ पडते. मग रुंद टायर, आरामशीर बैठक, डिस्क ब्रेक आणि खाली वळलेलं हँडल असा वेगळा प्रकार तयार झाला. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

कॅन्ससची खडी आपल्याकडे नाही. आपल्याकडे मुरूम आहे, लाल माती आहे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमध्ये लांबच्या लांब फट असते, तिच्यात बारीक टायर अडकला की माणूस थेट खाली येतो. घोडबंदर रोडवर पावसाळ्यानंतर जे उरतं ते पाहिलं की ग्रॅव्हल सायकल घ्यायला जंगलात जायची गरज नाही हे कळतं. ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगरात मात्र डांबरी रस्ता सोडून आत घुसू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि जंगल आपल्या टायरसाठी नाही.

आता मूळ मुद्दा. सायकल जुळवायची म्हटलं की लोक फ्रेम शोधायला लागतात, काही जण रंगही आधी ठरवतात. मी टायरपासून सुरुवात करतो. टायर ठरला की चाक ठरतं, चाकावरून फ्रेममध्ये किती जागा हवी ते ठरतं, जागेवरून ब्रेकचा प्रकार. एवढं झालं की गिअर. उलट दिशेने गेलात तर महाग फ्रेम घरात येते आणि तिच्यात ३० मिलीमीटरच्या वरचा टायर बसतच नाही. आणि टायर निवडताना आपल्या वाटेवरचा सगळ्यात वाईट तुकडा डोळ्यांपुढे ठेवायचा. भाचीच्या बाबतीत तो उड्डाणपुलाखालचा खणलेला अर्धा किलोमीटर होता, येऊर नव्हे.

टायरच्या कडेला छापलेल्या दोन आकड्यांपैकी पहिला रुंदीचा. दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास, आणि तो तंतोतंत जुळला पाहिजे. ६२२ चा टायर ६२२ च्याच रिमवर बसतो. दुकानात याच ६२२ ला कधी ७००सी म्हणतात, कधी २९ इंची म्हणतात, पण रिम तेवढंच. ५८४ म्हणजे ६५०बी किंवा साडेसत्तावीस इंची. जुन्या एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं, २६ इंची चाक म्हणजे ५५९. काळ्या सायकलीचं ६३५ यातल्या कशालाच जुळत नाही. त्यामुळे इंचांची नावं विसरा, हे तीन आकडी माप तेवढं वाचा.

यातून एक फार उपयोगी हिशेब निघतो. रिमचा व्यास अधिक टायरची जाडी (ती साधारण रुंदीएवढीच धरायची) दोनदा, म्हणजे चाकाची पूर्ण उंची. ६२२ वर २८ मिलीमीटरचा टायर घातला तर ६७८ मिलीमीटर होतात. ५८४ वर ४८ चा घातला तर ६८०. जवळजवळ सारखीच! म्हणजे डिस्क ब्रेकच्या एकाच सायकलीला चाकांचे दोन जोड ठेवता येतात, गुळगुळीत रस्त्याला एक आणि दगडांना दुसरा, आणि सायकलीची जमिनीपासूनची उंची बदलत नाही. ४८ चा टायर फ्रेमच्या दांड्यांमध्ये मावतो ना, एवढं मात्र आधी मोजायचं. रिमला घासणारे ब्रेक असतील तर हे जमत नाही, कारण त्यांचं रबर रिमच्या एका ठरावीक उंचीवरच बसतं. मला डिस्क ब्रेक पटले ते मुख्यतः यासाठी, आणि अर्थात पावसासाठी. ओल्या रिमवर ब्रेक पकड घ्यायला वेळ लावतो.

रुंद टायर जड चालतो असं अजूनही अनेकांना वाटतं. रस्ता आरशासारखा असेल तर त्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण खडबडीत रस्त्यावर हिशेब उलटतो. दगडासारखा टणक फुगवलेला टायर खडा आला की स्वतः दबत नाही. तो चाक, सायकल आणि वरचा माणूस असं सगळं वजन उचलतो आणि खाली टाकतो. ते उचलायला लागणारी ताकद आपल्याच मांड्यांतून जाते. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढे निघतो. म्हणून ग्रॅव्हल सायकलीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे हवेचा दाब नीट ठेवणं.

साधारण ७० किलोचा माणूस आणि आत ट्यूब असलेला ४० मिलीमीटरचा टायर धरला तर मागे ४० आणि पुढे ३५ पीएसआयपासून (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. मग दोन-दोन पीएसआयने कमी करत नेहमीच्या रस्त्यावर चालवून बघावं. वळणावर टायर लडबडला किंवा खड्ड्यात रिमचा टणत्कार ऐकू आला की जरा वर यायचं. फार कमी हवेत ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर झालं तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसते, त्यामुळे आणखी कमी दाबावर चालवता येतं. आतलं पातळ सीलंट बारीक भोकं आपोआप बुजवतं. पण आपल्या उष्णतेत ते दोन-तीन महिन्यांत सुकत जातं आणि पुन्हा भरावं लागतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि सायकलीची फारशी खटपट न करणाऱ्या माणसाला मी अजून तरी ट्यूब आणि आत संरक्षक पट्टा असलेला टायर सुचवतो. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा आपल्या महामार्गांच्या कडेला पसरलेल्या असतात आणि बहुतेक पंक्चर त्यांनीच होतात. त्या हाताने चाचपून काढाव्याच लागतात. अजून एक छोटी वस्तू सांगतो. अशा टायरच्या ट्यूबला बऱ्याचदा असणारा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पाइपला बसत नाही. त्यावर चढवायचं नखाएवढं पितळी ॲडाप्टर सीटखालच्या पिशवीत ठेवा.

टायर ठरला: ७००सी, ४० मिलीमीटर. आता फ्रेम. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलीमीटर मोकळे हवेत, नाहीतर चिकट माती साचून चाक घासायला लागतं. पावसाळ्यात मडगार्ड लावणार असाल तर त्याहून जास्त. मडगार्ड आणि कॅरिअरसाठी फ्रेमला आटे पाडलेली भोकं आहेत का, हे मी रंगाच्या आधी बघतो. ही भोकं नंतर पाडता येत नाहीत, आणि एकाच सायकलीकडून तीन कामं करून घ्यायची ती त्यांच्याच जोरावर.

फ्रेम कशाची हवी, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियम बहुतेकांना पुरतं, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) स्टील चालवायला सुखद आणि दुरुस्त होण्याजोगं असतं, कार्बन हलका पण रोज स्टेशनच्या रेलिंगला बांधायच्या सायकलीला मी घेणार नाही. स्टील घेतलंत तर खाडीचा विचार करा. ठाणे-ऐरोलीकडची हवा दमट आणि खारी असते, गंज नळीच्या आतून लागतो. फ्रेम नवी असतानाच आत जवसाचं तेल फिरवून वाळू द्यायचं, जुनी आणि टिकणारी युक्ती आहे. पावसात भिजली की सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढून सायकल उलटी करून पाणी काढायचं.

मागच्या चाकाचा आस कसा आहे तेही आत्ताच बघा. जुन्या डिस्कच्या सायकलींना मागे १३५ मिलीमीटरचा क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारा बारीक आस असतो, नव्या ग्रॅव्हलला १२ मिलीमीटर जाडीचा आणि १४२ लांबीचा थ्रू ॲक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाणारा आस. चाक फ्रेमशी जुळलं पाहिजे. जाडा आस जास्त घट्ट धरतो आणि चाक काढून लावलं तरी डिस्क पुन्हा नेमकी जागेवर येते. पॅडलचा आस ज्यात फिरतो ते बॉटम ब्रॅकेट शक्यतो आट्यांचं घ्या. दाबून बसवायच्या प्रकारात माती आणि पाणी शिरलं की करकर सुरू होते, आणि ती थांबवायला खास हत्यारं लागतात. आट्यांचं एक जुनं माप बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. या नावाच्या सायकली आपल्याकडेही घरोघरी होत्या. लक्षात ठेवायचं ते एवढंच की त्याचा उजवा कप उलट्या आट्याचा असतो. जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवलात तर फ्रेमचे आटे जातील.

आता ब्रेक. पहिली सायकल जुळवताना मी इथे चुकलो होतो आणि ती चूक महागात पडू शकली असती. जुन्या हायब्रीड (आडव्या हँडलच्या, शहरी वापराच्या) सायकलीला मी खाली वळलेलं हँडल आणि रेसरचे लिव्हर लावले, ब्रेक मात्र जुने व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी घासणारे, तसेच ठेवले. ओळखीच्या दुकानातही कोणी अडवलं नाही. घरासमोर फिरवून पाहिली, लागत होते. येऊरहून उतरताना उपवनच्या अलीकडच्या उतारावर मी लिव्हर दाबला तो थेट हँडलला टेकला, आणि सायकल थांबेना. पाय घासत कसाबसा कडेला आलो.

कारण साधं होतं. रेसरचा लिव्हर दाबल्यावर वायर थोडीच ओढतो, व्ही-ब्रेकला जवळजवळ दुप्पट ओढ लागते. प्रत्येक लिव्हर आणि ब्रेक ठरावीक ओढीसाठी बनलेला असतो. एकच मॉडेल 'रोड' आणि 'एमटीबी' अशा दोन प्रकारांत मिळतं, बाहेरून ते सारखंच दिसतं, पण आतली ओढ वेगळी असते. वायरवर चालणारा डिस्क ब्रेक घेणार असाल तर खोक्यावर 'रोड' लिहिलेलं बघून घ्या. टीआरपी कंपनीच्या स्पायरसारख्या प्रकारात डिस्कच्या दोन्ही बाजूंचे पॅड एकदम सरकतात, त्यामुळे ते सारखे जुळवत बसावं लागत नाही. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक बोटाच्या जोराने थांबवतात, पण तेल भरण्याचं काम शिकावं लागतं. भाचीला मी वायरचेच दिले. नवी वायर कुठेही मिळते आणि ती स्वतः बदलू शकते.

ओढीचाच नियम गिअरलाही लागू आहे. हँडलवरच्या शिफ्टरची, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याची, एक टिकटिक आणि चेन सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरचं एक दात-चक्र सरकणं हे जुळलं पाहिजे. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या नऊ गिअरपर्यंतच्या रोड आणि एमटीबी डिरेलरचं हे प्रमाण एकच आहे, म्हणून सोरा या रोड मालिकेतले नऊ गिअरचे लिव्हर आणि एमटीबीचा नऊ गिअरचा मागचा डिरेलर गुण्यागोविंदाने चालतात. कमी पैशांत जुळवायचं असेल तर हीच वाट. दहा गिअरपासून एमटीबीचं प्रमाण बदललं आणि ही सोयरीक तुटली. पैसे जास्त असतील तर २०१९ मध्ये आलेली शिमानोची जीआरएक्स मालिका खास ग्रॅव्हलसाठीच आहे. तिच्या डिरेलरमध्ये असा क्लच असतो की खड्ड्यांत चेन फटाफट फ्रेमवर आपटत नाही.

पण किती गिअर आहेत यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, हे विचारा. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा परीघ. ४० मिलीमीटर टायरच्या ७००सी चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. पुढे ४० आणि मागे ४२ दात असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल २.१ मीटर पुढे जाते. रेसर सायकलीच्या ३४ आणि २८ च्या गिअरमध्ये तीच फेरी तुम्हाला सुमारे २.६ मीटर ढकलायला लावते. मिनिटाला ६० फेऱ्यांनी पहिलीत ताशी साडेसात किलोमीटर पडतात, दुसरीत सव्वानऊ. चढावर सामान लादून सव्वानऊ टिकवता आलं नाही की फेऱ्या मंदावतात, गुडघ्यांवर भार येतो आणि माणूस उतरतो. बीआरएमच्या शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये हा फरक फार मोठा होतो.

दुसरं टोकही बघू. ४० बाय ११ मध्ये मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ४३ किलोमीटर होतात. ठाणे-बेलापूर रोडवर याहून वेगाने कुठे जायचंय? म्हणून पुढे एकच चक्र ठेवायला माझी हरकत नाही. पुढचा डिरेलर गेला की चिखल अडकायची एक जागा कमी होते. फक्त एक किंमत मोजावी लागते : शेजारच्या दोन गिअरमधली उडी मोठी होते. वाऱ्याविरुद्ध सपाट रस्त्यावर तासन्‌तास एका लयीत चालवणाऱ्याला ती उडी बोचते. बीआरएम हेच मुख्य ध्येय असेल तर पुढे ४६ आणि ३० अशी दोन चक्रं बरी. भाचीने हिशेब स्वतः केला आणि दोन चक्रं निवडली. तिचं बरोबर होतं, मी एक सुचवत होतो.

हँडल आणि बैठक यांचं मोजकंच सांगतो. एमटीबी किंवा हायब्रीडची फ्रेम आडव्या हँडलसाठी लांब बनवलेली असते. तिला वळलेलं हँडल लावलं की हात आठ-दहा सेंटीमीटर पुढे जातात, पाठ आणि मान दुखते. आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून तेवढं भरून काढावं लागतं, आणि तरी जमलं नाही तर ती फ्रेम त्या कामाची नाही असं मानावं. खालची टोकं बाहेर पसरलेलं हँडल खडबडीत उतारावर चांगला ताबा देतं. सीटची उंची ठरवायची सोपी पद्धत अशी : पॅडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, पाय सरळ. चालवताना चवडा ठेवला की गुडघा आपोआप हवा तेवढा वाकतो.

जुळणी आम्ही दोन रविवारांत केली. प्रत्येक आट्याला ग्रीस. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा सीटपोस्ट असेल तर ग्रीस नक्कीच, कारण दोन वेगळे धातू आणि खारी ओल मिळून ते एकमेकांना असे धरतात की पुढे करवतीने कापावं लागतं. स्टेमचे स्क्रू साधारण ५ न्यूटन मीटरला, मागच्या कॅसेटचं, म्हणजे दात-चक्रांच्या संचाचं, टोपण ४० ला. हा आकडा त्या-त्या भागावरच छापलेला असतो. अंदाजाने पिळू नका, पिळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना घ्या. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं हे तिला आधीच ठाऊक होतं, काळ्या सायकलीवरही तसंच असायचं.

नव्या चाकाचे आरे पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये बसतात, चाक किंचित डुलायला लागतं. तेव्हा जाणत्या माणसाकडून आऊट काढून घ्यायचा. वायरही सैल पडते. गिअर अडखळले तर घाबरायचं नाही, डिरेलरवरचा गोल ॲडजस्टर अर्धा फेरा बाहेर फिरवायचा. या दोन गोष्टी झाल्या की सायकल स्थिरावते.

भाचीची सायकल आता साडेचारशे किलोमीटर चाललीय. हवा तिने मागे ३६ वर आणलीय, पुढे ३२ वर. परवा फोन आला होता. मागच्या दांड्यांवरच्या चार भोकांतले स्क्रू काढून, त्यांना ग्रीस लावून तिने परत बसवलेत. जूनच्या आत तिथे कॅरिअर आणि मडगार्ड चढवायचेत, आणि मडगार्ड ४० च्या टायरवर बसेल का, हे ती पट्टी लावून मोजत होती.